हॉगर्थ छापखाना आणि व्हर्जिनिया वुल्फ यांचे लेखनस्वातंत्र्य

व्हर्जिनिया वुल्फ (१८८२–१९४१) यांच्या वाङ्मयाचा विचार करताना त्यांच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) या ग्रंथातील प्रतिपादनाचा उल्लेख हटकून होतो. लेखन करू इच्छिणाऱ्या स्त्रीला वर्षाकाठी पाचशे पौंडांचे उत्पन्न आणि स्वतःची खोली हवी, हे ते प्रतिपादन होय. परंतु त्या स्वतः ज्या परिस्थितीत लिहीत होत्या, तीत या दोहोंच्या जोडीला आणखी एक साधन होते. ते म्हणजे घरातला छापखाना. छंद म्हणून घेतलेल्या या यंत्राने त्यांना कोणते स्वातंत्र्य दिले आणि ते केव्हा दिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

छापखाना घेण्याचा संकल्प २५ जानेवारी १९१५ रोजी, व्हर्जिनियांच्या तेहतिसाव्या वाढदिवशी झाला. त्याच वर्षी त्यांचे मानसिक दुखणे बळावले. हाताला गुंतवणारे एखादे काम मिळाल्यास त्यांच्या मनाला विसावा लाभेल, अशी त्यांचे पती लेनर्ड यांची आशा होती. दोघांनी मुद्रणविद्यालयात प्रवेश मागितला. पण ते शिक्षण कामगार संघटनेतील उमेदवारांपुरतेच मर्यादित असल्याने तो मिळाला नाही. अखेर मार्च १९१७ मध्ये त्यांनी सुमारे एकोणीस पौंडांत एक लहान हातयंत्र, खिळे व मुद्रणकलेची सोळा पानी पुस्तिका विकत घेतली आणि रिचमंड येथील हॉगर्थ हाउस या राहत्या घरी यंत्र बसविले. लेनर्ड यांच्या हाताला कंप असल्याने खिळे जुळविण्याचे काम व्हर्जिनियांकडे आले; यंत्र लेनर्ड चालवीत. पुस्तकबांधणी व्हर्जिनिया तरुणपणीच शिकल्या होत्या.

जुलै १९१७ मध्ये दोघांची एकेक कथा असलेले 'टू स्टोरीज' हे पुस्तक १५० प्रतींत निघाले. १९१८ मध्ये कॅथरिन मॅन्सफील्ड यांची 'प्रेल्यूड' ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. १९१९ मधील व्हर्जिनियांच्या 'क्यू गार्डन्स'च्याही प्रथम १५० प्रतीच छापल्या होत्या. परंतु 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये अनुकूल परीक्षण येताच मागण्यांचा असा ओघ लागला, की दुसरी आवृत्ती बाहेरच्या मुद्रकाकडून काढावी लागली. छंदाचे व्यवसायात रूपांतर होण्यास येथून आरंभ झाला.

या घटनांचा कालक्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. व्हर्जिनियांची पहिली कादंबरी 'द व्हॉयेज आउट' (१९१५) जेरल्ड डकवर्थ यांच्या प्रकाशनसंस्थेने काढली होती. जेरल्ड हे त्यांच्या आईच्या पहिल्या विवाहातील पुत्र, म्हणजे नात्याने भाऊ. घरी छापखाना येऊन दोन वर्षे लोटल्यावरही 'नाइट अँड डे' (१९१९) ही दुसरी कादंबरी त्याच संस्थेकडे गेली. या दोन्ही कादंबऱ्यांची घडण बव्हंशी रूढ पद्धतीची आहे. उलट, जाणिवेच्या ओघाला रूप देण्याचे धाडस प्रथम दिसते ते घरी छापलेल्या छोट्या कथांत. दोन नवशिक्यांना हाताने जेवढे जुळविता येई, तेवढाच मजकूर तेथे शक्य होता. ही मर्यादाच प्रयोगाला पोषक ठरली असे म्हणण्यास आधार आहे. कारण आखूड रचनेत फसण्याची किंमत थोडी होती आणि मान्यतेसाठी कोणाचेही दार ठोठावायचे नव्हते. या कथांत कमावलेली रीती 'जेकब्ज रूम' (१९२२) या कादंबरीत विस्ताराने अवतरली. छपाई बाहेरची असली तरी ती हॉगर्थने प्रसिद्ध केलेली त्यांची पहिली कादंबरी होय. पुढील सर्व कादंबऱ्या इंग्लंडात तेथूनच निघाल्या. आपल्याला हवे ते लिहिण्यास मोकळी अशी इंग्लंडातील स्त्री आपण एकटीच, अशा आशयाची नोंद १९२५ च्या त्यांच्या दैनंदिनीत आढळते.

तथापि हे स्वातंत्र्य निरपवाद नव्हते. १९१८ मध्ये जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस'चे हस्तलिखित हॉगर्थकडे आले. एवढा ग्रंथ हाताने जुळविणे अशक्य होते आणि खटल्याच्या भयाने बाहेरचे मुद्रकही तो हाती घेईनात. म्हणून तो परत करावा लागला. तो पुढे १९२२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. शिवाय प्रकाशनाचा व्याप वाढला तसा इतरांची हस्तलिखिते वाचणे, मुद्रिते तपासणे, पुडकी बांधणे यांत व्हर्जिनियांचा लेखनाचा वेळ खर्ची पडू लागला. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड' (१९२३) या काव्याचे खिळे त्यांनी स्वहस्ते जुळविले. १९३८ मध्ये त्यांनी आपला हिस्सा जॉन लेमन यांना दिला, आणि १९४६ मध्ये ही संस्था चॅटो अँड विंडस या प्रकाशनगृहाशी जोडली गेली.

तात्पर्य, लेखनस्वातंत्र्याचा विचार खोली आणि उत्पन्न यांपाशी थांबविता येत नाही. लिहिलेले वाचकांपर्यंत नेण्याचे साधन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तितकाच मूलगामी आहे. हॉगर्थच्या यंत्राने त्या प्रश्नाचे एका लेखिकेपुरते उत्तर दिले. पण ते उत्तर मिळण्यास पाच वर्षे लागली आणि त्याची किंमतही तिलाच मोजावी लागली.