विज्ञानकथेचे चाहते आणि धर्मश्रद्धा : एक तुलनात्मक विचार

प्रास्ताविक :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विज्ञानकथांच्या चाहत्यांचे मोठे समुदाय उदयास आले. त्यांच्या निष्ठेचे वर्णन अनेकदा ‘नवा धर्म’ असे केले जाते. हे वर्णन इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या आधारे केला आहे.

साम्यस्थळे :
८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली ही मालिका ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. परंतु चाहते पांगले नाहीत. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथील मेळाव्यास काहीशे लोक अपेक्षित असताना तीन हजारांहून अधिक आले. विशिष्ट वेशभूषा, ठरावीक अभिवादन, कोणती कथा प्रमाण मानावी याविषयीचे वाद ही लक्षणे एखाद्या संप्रदायाची आठवण करून देतात. स्पॉकची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांनी त्या पात्राची अभिवादनमुद्रा ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादमुद्रेवरूनच घेतली होती. एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये धर्माचे मूळ सामूहिक विधींत शोधले. ती व्याख्या स्वीकारल्यास हे मेळावे धर्माच्या जवळ जातात.

भेदस्थळे :
तथापि, मालिका बंद होण्याची चिन्हे दिसताच १९६७-६८ मध्ये चाहत्यांनी पत्रमोहीम उभारली आणि १ मार्च १९६८ रोजी एनबीसी वाहिनीला मालिका सुरू राहील असे जाहीर करावे लागले. भक्त देवाला साकडे घालतो. येथे श्रद्धास्थान वाचविण्यासाठीच वाहिनीला साकडे घालावे लागले. ही सृष्टी जीन रॉडनबेरी आणि त्यांच्या सहलेखकांनी रचली, हे प्रत्येक चाहत्यास ठाऊक होते. स्पॉक खरा आहे, असा त्यांचा दावा नव्हता. वंशसंघर्षाने होरपळणाऱ्या अमेरिकेत कृष्णवर्णीय उहुरा आणि आशियाई वंशाचा सुलू एकाच यानावर अधिकारी म्हणून वावरत होते. असे जग शक्य आहे, ही आशा चाहत्यांना मोलाची वाटत होती.

आकडेवारीही सावधपणे वाचावी लागते. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ३,९०,१२७ जणांनी आपला धर्म ‘जेडाय’ असा नोंदविला. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील या योद्ध्यांच्या नावामागे थट्टा व निषेधाचा भाग मोठा होता. सांख्यिकी कार्यालयाने ही नोंद ‘धर्म नाही’ या वर्गात धरली. २०११ मध्ये ही संख्या १,७६,६३२ वर आली.

समारोप :
चाहत्यांपाशी भक्तीचे आचार आहेत, पण सत्याचा दावा नाही. त्यांना धर्म म्हणणे जसे घाईचे, तसेच त्यांची हेटाळणी करणेही अन्यायाचे. कल्पित आहे हे जाणूनही माणसे एखाद्या कथेभोवती एकत्र येतात आणि तिच्यातून जगण्याचा आदर्श घेतात. धर्माच्या इतिहासकाराने या वस्तुस्थितीची स्वतंत्रपणे दखल घेणे आवश्यक आहे.