नगर हवेलीतील गोंदण

आपल्याकडील स्त्रियांच्या अलंकारांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. नथ, ठुशी, वाकी, पाटल्या ह्यांची वर्णने कथा-कादंबऱ्यांतून आणि जुन्या दप्तरांतूनही विपुल आढळतात. परंतु ज्या अलंकाराला सोनाराचा हात लागत नाही, जो तराजूत घालता येत नाही आणि सावकाराकडे गहाणही टाकता येत नाही, त्या गोंदणाची गणना अलंकारांत करण्याचे आपल्या सुशिक्षितांना क्वचितच सुचले. वास्तविक आपल्याच घरांतील आज्या-पणज्यांच्या मनगटावर तुळस आणि कपाळावर हिरवट टिंब असे. ते आपण पाहिले, लहानपणी बोटाने चाचपलेही. पण त्याचा इतिहास विचारला नाही.

हा इतिहास शोधण्यास दादरा आणि नगर हवेलीसारखा मुलूख क्वचित सापडेल. दमणगंगेच्या काठी वसलेल्या सिल्वासाच्या भोवतालची ही गावे भाषेच्या सीमेवरची आहेत. इकडे ठाणे-पालघरच्या बाजूने येणारा माणूस 'गोंदण' म्हणतो, तिकडे वापी-वलसाडच्या बाजूने येणारा त्याच वस्तूला 'छूंदणां' किंवा 'त्राजवां' म्हणतो. मूळ वस्ती आदिवासींची. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा, कोळी ढोर आणि नायका ह्या सात जमाती तेथील अनुसूचीत नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी कोकणा हे नाव आमच्या कोंकणी वाचकांच्या कानाला ओळखीचे वाटेल. दुर्गादेवीच्या दुष्काळात कोकणातून निघून आपण ह्या डोंगरांत आलो, अशी परंपरागत समजूत ह्या जमातीत आहे. मात्र त्यांची बोली आणि गोमंतकातील कोंकणी ह्या एक नव्हेत, हे सांगून ठेवलेले बरे.

हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती कसा गेला, ती हकीकत थोडक्यात अशी. मराठ्यांच्या आरमाराने 1772 साली 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाची हानी केली होती. तिची भरपाई म्हणून आणि मैत्री राखण्यासाठी, 1779 च्या तहान्वये 12,000 रुपये वार्षिक वसुलाची गावे देण्याचे पेशव्यांनी कबूल केले. त्याप्रमाणे 1783 मध्ये नगर हवेलीचा ताबा दिला गेला. दादरा 1785 मध्ये पोर्तुगीजांकडे आले. कागदावर गावे मोजली गेली, वसूल मोजला गेला. त्या गावांत नांगर धरणाऱ्यांना ह्या व्यवहारात स्थान नव्हते. पुढे 'अलवारा' आणि 'तेरेम' ह्या पद्धतींनी जमिनी दिल्या गेल्या. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी प्रथम दादरा, मग नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त केले. ह्या मोहिमेत आपले सुधीर फडकेही होते, हे मराठी रसिकांना ठाऊक आहेच. 1961 साली हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला; परंतु अलवारा-तेरेम पद्धती कायद्याने जाण्यास 1971 चे जमीन-सुधारणा विनियम यावे लागले.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या समाजात जमीन आपली नाही आणि पावसाळ्याच्या तोंडी भातासाठी कर्ज काढावे लागते, त्या समाजात चांदीचे कडे फार दिवस हातात टिकत नाही. ते सावकाराच्या पेटीत जाते. गोंदण जात नाही. आदिवासी स्त्रियांच्या तोंडी, आणि कुणबी-माळी घरांतील वृद्ध स्त्रियांच्याही तोंडी, एकच समजूत आढळते : मरणानंतर सगळे दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते. काही ठिकाणी असेही म्हणतात की, ज्या बाईच्या अंगावर गोंदण नाही तिला यमाच्या दारी जाब द्यावा लागतो. ह्या समजुतीत परलोकाची भीती आहे ती आहेच. पण इहलोकी काय काय हातचे गेले ह्याची आठवणही तिच्यात दडलेली आहे, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष गोंदण्याच्या क्रियेकडे वळू. गोंदणारी स्त्री बहुधा फिरस्त्या जमातीची. महाराष्ट्रात वैदू, कैकाडी, डोंबारी अशा समाजांतील स्त्रियांकडे हे काम असे. कर्नाटकात कोरवी-कोरच स्त्रिया ह्यात प्रसिद्ध. सुगी संपली, हातात थोडे धान्य आले की त्या गावात येत. मोबदला धान्यात, जुनेऱ्यात किंवा थोड्या पैशांत. तिची निवड कशी होई, तर 'हात हलका आहे' ह्या एका गुणावर. मागच्या वर्षी जिच्या सुईने पोरीचा हात सुजला, तिला दुसऱ्या वर्षी अंगणात कोण बसू देणार? नमुन्यांची वही तिच्याजवळ नसे. तिचे स्वतःचे हात हीच बहुधा वही. त्यांवरील झाड, फूल, विंचू दाखवून ती विचारी, 'ह्यातले काय काढू?'

साहित्य अगदी साधे. तीन, चार किंवा पाच सुया एकत्र बांधलेल्या. तेलाच्या दिव्यावर वाटी पालथी घालून धरलेली काजळी, काही ठिकाणी बिब्बा जाळून धरलेली. ती कालवण्यास पाणी, पाल्याचा रस, क्वचित बाळंतिणीचे दूध. आधी काडीने आकृती रेखायची, मग सुयांनी टोचत काजळी आत उतरवायची. रक्त पुसून वर हळद आणि तेल. टोचताना पोर रडू नये म्हणून गाणी म्हणत. दोघी-तिघी तिला धरूनही ठेवत. त्या पोरीची संमती कोणी विचारीत नसे, हे आज लिहिताना झाकून ठेवण्याचे कारण नाही. लग्नापूर्वी, पुष्कळदा न्हाण येण्याच्याही आधी, हे उरकले जाई. काय काढायचे आणि कोठे काढायचे ते आजी किंवा आई ठरवी. मोठेपणी मात्र स्त्री स्वतःच्या हौसेने आणखी गोंदवून घेई. जत्रेत एक फूल, मैत्रिणीबरोबर एक ठिपक्यांची ओळ. अशा रीतीने अंगावरचा संग्रह वर्षानुवर्षे वाढत जाई.

जागांनाही अर्थ असे. दोन भुवयांमधील टिंब हे कधीही न पुसणारे कुंकू. हनुवटीवरचा आणि गालावरचा ठिपका दृष्ट लागू नये म्हणून. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग हा खरा चित्रफलक. कारण काम करणाऱ्या बाईचा तोच भाग सदैव उघडा. तेथे तुळशीवृंदावन, गोपद्म, लक्ष्मीची पावले, पाळणा, स्वस्तिक, सूर्य-चंद्र, झाड. पोटरीवर आणि पावलावर ठिपक्यांच्या माळा, जणू चांदीच्या तोड्यांची जागा भरून काढणाऱ्या. आणखी एक प्रकार औषधाचा : सांधा दुखतो तेथे टोचून घेणे. आल्प्समधील बर्फात 1991 साली सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या मानवदेहावर 61 खुणा मोजल्या गेल्या. त्यांतील कित्येक सांध्यांजवळ आणि कमरेजवळ आहेत, आणि त्या उपचारासाठी असाव्यात असा तर्क संशोधकांनी केला आहे. आमच्या खेड्यातील वृद्धेला हा तर्क ऐकून नवल वाटणार नाही.

काळी काजळी कातडीखाली गेल्यावर हिरवी-निळी का दिसते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. वरच्या त्वचेतून प्रकाश जाऊन परत येताना विखुरतो, म्हणून हा रंग. आणि ती टिकते कशी? शरीरातील भक्षक पेशी ते कण गिळून बसतात. एक पेशी मेली की तिचे कण दुसरी पेशी उचलते. मार्सेय येथील संशोधकांनी 2018 साली उंदरांवरील प्रयोगांनी हे दाखविले. ज्याला आपण स्थिर चित्र समजतो तो असा पिढ्यान्‌पिढ्यांचा हस्तांतर-व्यवहार आहे.

ह्या प्रथेला शास्त्राधार आहे काय, असे देवालयाशी संबंध असलेले वाचक अवश्य विचारतील. सोळा संस्कारांत गोंदण नाही. अंगावर देवचिन्ह धारण करण्याची शास्त्रोक्त रीत आहे ती मुद्राधारणाची. माध्व परंपरेतील मठांत, आणि गौड सारस्वतांच्या वैष्णव मठांतही, आषाढी एकादशीस स्वामींच्या हातून शंख-चक्रांच्या तप्तमुद्रा घेतात. तेथे अग्नी आहे, मंत्र आहे, गुरू आहे. गोंदणात ह्यांतले काहीच नाही. एक परकी बाई, सुया आणि काजळी. तरीही तुळस तीच, पावले त्याच लक्ष्मीची. मठाची पायरी जिच्या वाट्याला आली नाही, तिने आपले दैवत असे अंगावर आणून बसविले.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या प्रांताबाहेरचे, छत्तीसगडमधील रामनामी समाजाचे. देवळात प्रवेश नाकारल्या गेलेल्या चर्मकार समाजातील परशुराम नावाच्या पुरुषाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पंथ चालविला. त्याच्या अनुयायांनी 'राम' ही दोन अक्षरे कपाळावर, हातांवर, काहींनी सर्वांगावर गोंदवून घेतली. दार बंद करणाऱ्याला मूर्ती आत ठेवता आली. नाम मात्र अडविता आले नाही. आपल्या देवालयांच्या इतिहासात ह्या प्रकरणालाही एक पान दिले पाहिजे, मग ते वाचताना आपल्याला कितीही अवघडल्यासारखे होवो.

ह्याच सुईचा सरकारने केलेला उपयोग त्याहून भयंकर. इंग्रजी अमलाच्या आरंभी बंगाल व मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदीत असत. त्याला 'गोदना' असेच नाव होते. ही शिक्षा 1849 साली रद्द झाली. कपाळावरच्या ज्या जागी सुवासिनीचे टिंब, त्याच जागी कैद्याचा कलंक!

अभ्यासकांचे लक्ष ह्या विषयाकडे तसे लवकर गेले. बी. ए. गुप्ते ह्यांनी 1902 साली 'इंडियन अँटिक्वेरी'त स्त्रियांच्या गोंदणाच्या आकृत्यांवर टिपणे लिहिली. वारल्यांविषयी के. जे. सावे ह्यांचा इंग्रजी ग्रंथ 1945 चा. त्याच वर्षी शेजारच्या डहाणू-तलासरी भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. सिल्वासात आदिवासी संग्रहालयही आहे. तेथे मुखवटे, वाद्ये, दागिने पाहावयास मिळतात. पण गोंदणाचे काय? कडे-वाळे काचेच्या कपाटात ठेवता येतात. गोंदलेला हात चितेवर जातो, आणि त्याबरोबर एक अख्खी चित्रवही जळते. म्हणून ह्या संग्रहाला दुसरी प्रत नाही.

यंत्राने ह्या कलेचे रूप पालटले. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली ह्याने 1891 मध्ये विजेच्या गोंदण-यंत्राचा एकाधिकार घेतला. त्याचे नातेवाईक शोभेल असे बॅटरीवरचे छोटे यंत्र पुढे आपल्या जत्रा-उरुसांत येऊन पोहोचले. सुईवाली बाई मागे पडली, यंत्रवाला पुरुष पुढे आला. आकृत्या कमी झाल्या, अक्षरे वाढली : स्वतःचे नाव, 'आई', ॐ, त्रिशूळ. एकाच सुईने दहा जणांना टोचण्याची जत्रेतील रीत मात्र घातक. काविळीचे आणि एड्सचे विषाणू त्या वाटेने जातात. नवी सुई आपल्यादेखत उघडण्याचा आग्रह धरणे हे कारागीर पारखण्याचे पहिले लक्षण, 'हलका हात' त्यानंतर.

सिल्वासा आज कारखान्यांचे शहर झाले आहे. 1961 मध्ये साऱ्या दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या 57,963 होती. 2011 मध्ये ती 3,43,709 झाली. आदिवासी मुली शाळा-महाविद्यालयांत गेल्या आणि आईच्या हनुवटीवरचे ठिपके त्यांना मागासलेपणाची खूण वाटू लागले, ह्यात त्यांचा दोष काढता येणार नाही. त्या ठिपक्यांवरून होणारी हेटाळणी त्यांनाच सोसावी लागली. दुसरीकडे शहरांतील तरुण-तरुणी हौसेने टॅटू काढून घेतात, आणि त्यांच्या आवडत्या आकृत्यांत वारली चित्रांतील नाचणारी माणसेही असतात. ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. वारल्यांचे ते चित्र मुळात भिंतीवरचे. लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठीने पालघट देवीचा चौक लिहितात. तो पांढरा, आणि कार्य झाले की हळूहळू विरून जाणारा. गोंदण काळे आणि जन्माचे. कागदावर आणि कॅनव्हासवर ही चित्रे नेणारे जिव्या सोमा म्हसे ह्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि ती आकृती वाटेल तेथे जाऊ लागली. कपांवर, साड्यांवर, आणि आता परक्यांच्या दंडांवरही. विरून जाण्यासाठी जे लिहिले जाई, ते अंगावर कायम झाले आहे. आणि जे कायमचे म्हणून टोचले होते, ते मात्र नाहीसे होत चालले आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी किंवा शेजारी गोंदण असलेली वृद्ध स्त्री असेल, त्यांनी एवढे करावे : पातळ पारदर्शक कागद हातावर धरून आकृती उतरवून घ्यावी, प्रत्येक खुणेला ती काय नाव देते ते तिच्याच शब्दांत लिहावे, ती कितव्या वर्षी, कोणाच्या हातून, कोणत्या गावी टोचली आणि बदल्यात काय दिले, हेही विचारावे. छायाचित्र घ्यायचे तर आधी तिची परवानगी घ्यावी. पुष्कळ जणी आढेवेढे घेतील, 'त्यात काय बघायचे' म्हणतील, आणि मग बाही वर सारून एकेका ठिपक्याची हकीकत सांगत बसतील.