गोंदूर ते नॉएडा : शिल्पकार राम सुतार यांची कला आणि प्रपंच

धुळ्याच्या देवपूर भागालगत गोंदूर हे गाव आहे. शिल्पकार राम वनजी सुतार यांचा जन्म या गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी झाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी करून, नॉएडा येथे त्यांचे निधन झाले. या दीर्घ आयुष्यातील साठांहून अधिक वर्षे त्यांनी दिल्ली व तिच्या परिसरात घालविली. परमुलखात स्थायिक झालेल्या कलावंताचे चरित्र लिहिताना कला आणि प्रपंच यांचा विरोध गृहीत धरण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. सुतारांच्या बाबतीत हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम त्यांच्या घराण्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. सुतार हा गावगाड्यातील बलुतेदार. नांगर-पाभर, गाड्याचे चाक, घराचे खण हे त्याचे काम आणि सुगीला मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. या व्यवस्थेत घर आणि कामाची जागा यांत अंतर नसे. मुलगा वाकस-पटाशी हाताळावयास शिके ते बापाशेजारी बसून. व्यवसाय आणि कुटुंब या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही कल्पनाच त्या जीवनास परकी होती.

गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांच्या प्रेरणेने राम सुतार मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि १९५३ साली तेथील मेयो पदक त्यांनी मिळविले. कलाशाळेचे जग गावगाड्याहून अगदी भिन्न होते. तेथे कृती एकाची, नाव एकाचे आणि पदकही एकाचेच. १९५४ ते १९५८ या काळात त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत अजिंठा-वेरूळ येथील शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ती लेणी कोरली त्यांची नावे त्या दगडांवर आढळत नाहीत. नुकतेच पदक मिळविलेल्या तरुण शिल्पकाराचा हात चार वर्षे या अनामिकांच्या कामावरून फिरत होता, ही गोष्ट त्यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने लहान नव्हे.

१९५८ मध्ये ते दिल्लीस केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयात तांत्रिक साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि पुढील वर्षी त्यांनी ती नोकरी सोडली. त्यांचे पुत्र अनिल यांचा जन्म १९५७ चा. म्हणजे परक्या शहरात, लहान मूल घरात असताना, महिन्याच्या पगारावर त्यांनी पाणी सोडले. कलेने प्रपंचावर मिळविलेला हा विजय होय, असे कोणी म्हणेल. आमच्या मते हा अर्थ अपुरा आहे. मागणीप्रमाणे काम करावे, त्यावर घर चालवावे, ही बलुतेदाराचीच जुनी रीत होती आणि सुतार तिच्याकडेच परतले. भेद इतकाच की, बलुतेदारास सुगीच्या धान्याची शाश्वती होती. दिल्लीतील स्वतंत्र शिल्पकारास ती नव्हती.

ती उणीव भरून काढली ती स्वतंत्र भारताच्या शासनसंस्थेने. नव्या राष्ट्रास आपल्या पुढाऱ्यांची स्मारके हवी होती. चंबळेवरील गांधीसागर धरणापाशी सुतारांनी ४५ फूट उंचीची चंबळदेवीची मूर्ती घडविली. नदी ही माता आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही तिची दोन बालके, अशी तिची कल्पना आहे. दोन राज्यांचा पाणीसंबंध घरातील नात्याच्या भाषेत मांडला गेला, हे येथे लक्षणीय होय. पुढे त्यांनी घडविलेले गांधीजींचे अर्धपुतळे देशोदेशी गेले, आणि १९९३ साली संसदेच्या आवारात गांधीजींची बैठी मूर्ती बसविण्यात आली.

या मार्गाची किंमतही होती. विषय ठरवावयाचा तो आश्रयदात्याने. मुद्रा ओळखू यावी ही पहिली अट. त्यांच्या समकालीनांपैकी अनेकांनी अमूर्त आकारांचा शोध घेतला. सुतार मात्र वास्तवदर्शी शैलीस अखेरपर्यंत धरून राहिले. नवकलेच्या मापाने त्यांच्याकडे पाहणाऱ्यास हा संकोच वाटेल. परंतु मागणीवर चालणाऱ्या कामशाळेत शैलीचे सातत्य हे गुणच ठरते. कारण ती दुसऱ्याच्या हाती सोपविता येते.

ती सोपविली गेली ती मुलाच्या हाती. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले अनिल सुतार वडिलांच्या कामात सहभागी झाले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी गुजरातेत अनावरण झालेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा पितापुत्रांच्या या कामशाळेतून प्रतिकृतीच्या रूपाने आकारास आला. आधी ३, मग १८, नंतर ३० फूट अशी ती वाढत गेली. एवढे काम एका हाताचे असूच शकत नाही. तथापि पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६) इत्यादी सन्मान एकाच व्यक्तीस मिळतात आणि कलेचा इतिहासही बहुधा त्याच नावाने लिहिला जातो.

यावरून निष्पन्न होते ते असे. सुतारांच्या जीवनात कला आणि कुटुंब ही तराजूची दोन पारडी नव्हती. गोंदुरातील कारागिराच्या घराची घडण त्यांनी परमुलखात पुन्हा उभी केली, आणि त्या घरानेच त्यांची कला तोलून धरली. खानदेशातून बाहेर गेलेल्या कलावंतांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच पदके व पुतळे यांची यादी करून थांबू नये. त्यांच्या घरात कोणकोणते हात राबत होते, याचीही नोंद त्यांनी करावी.