चमच्यात विरघळणारं जस्त

जस्त म्हटलं की आमच्या आईला पाण्याची बादलीच आठवायची. मी औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागलो, तेव्हा मलाही ते टॉनिकच्या बाटलीवरचं एक बारीक नाव वाटे. १९९५ साली दिल्लीतल्या मुलांवरचा अभ्यास छापून आला: जुलाबात जस्त दिलं की आजार लवकर आटोपतो. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मात्रा सांगितली. रोज २० मिलिग्रॅम, ६ महिन्यांखालच्या बाळाला १०, असं १० ते १४ दिवस.

अडचण होती चवीची. तोंडात नाणं धरल्यासारखी धातूची चव, पोर थुंकणारच. सिरपची बाटली खेड्यापाड्यांत न्यायला जड. म्हणून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळणारी गोळी आली. बांगलादेशात २००६ मध्ये ती 'बेबी झिंक' नावाने निघाली, आणि तिथल्या सरकारने ती चिठ्ठीविना विकायची मुभा दिली. धंद्यातला माणूस म्हणून मला हे धाडस वाटतं, पण पटतं. जुलाबाचं पोर आधी दुकानाच्या पायरीवरच येतं, तिथेही आणि इथेही.

भारताने पुरते १४ दिवस धरले. पण जुलाब थांबले की गोळ्या फडताळात. परवा एक आजी उरलेल्या ११ गोळ्या घेऊन आल्या, "एवढ्यांचे पैसे परत द्याल का?"