काजूचा बोंडू आपण टाकून देतो, ब्राझीलमध्ये त्यावर गाणं आहे

एप्रिल-मे महिन्यात राजापूर, लांजा, संगमेश्वर, कुठल्याही काजूच्या बागेत जा. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडूंचा सडा पडलेला दिसेल. बी पिरगळून काढून घेतली जाते आणि बोंडू तिथेच राहतो. गुरं खातात, पोरं मीठ लावून दोन-चार खातात, बाकीचे कुजतात. आपल्या हिशेबात काजू म्हणजे बी. ओल्या काजूगरांची उसळ, काजूकतली, दिवाळीचा सुका मेवा, सगळं बियांचंच.

हे झाड जिथून आलं तिथे हिशेब उलटा आहे.

काजू मूळचा ब्राझीलचा. ‘काजू’ हा शब्दही तिथल्या तुपी आदिवासींच्या ‘अकाजू’वरून पोर्तुगीजांनी उचलला आणि 16व्या शतकात झाडासकट आपल्या किनाऱ्यावर आणला. तुपी लोक काजूच्या बहरावरून वर्षं मोजायचे. दरवर्षी एक बी मडक्यात टाकायची, म्हणजे वय कळतं, असं सांगितलं जातं. डच चित्रकार अल्बर्ट एकहाउट 17व्या शतकात ब्राझीलमध्ये होता. त्याने 1641 साली काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रातली स्त्री काजूच्या झाडाखालीच उभी आहे. (परतफेड म्हणून आपला आंबा पोर्तुगीजांनीच तिकडे नेला. ब्राझीलच्या आल्सेउ वालेन्सा या गायकाच्या 1982 च्या एका गाजलेल्या गाण्यात आंबा आणि काजू दोन्ही आहेत!)

पण खरी गोष्ट आहे ती काजुइनाची.

काजुइना म्हणजे बोंडूच्या रसाचं पेय. रंग मधासारखा, चव गोड आणि दारूचा थेंबही नाही. त्याचं श्रेय दिलं जातं रोदोल्फो तेओफिलो या माणसाला. हा सेआरा राज्यातला औषधनिर्माता आणि कादंबरीकार. दुष्काळावरची त्याची ‘आ फोमी’, म्हणजे ‘भूक’, ही कादंबरी 1890 साली आली. देवीच्या साथीत सरकार हलत नाही म्हणून स्वतः घरोघर जाऊन लस टोचणारा हा गृहस्थ दारूचा कट्टर विरोधक होता. लोकांना दारूऐवजी काहीतरी द्यावं म्हणून त्याने बोंडूचा रस टिकवायची पद्धत बसवली.

पुढे शेजारच्या पियाऊई राज्यात काजुइना घराघरात पोहोचली. तिथे ती पाहुण्यांना देतात, लग्नात ठेवतात, भेट म्हणून बाटल्या पाठवतात. 2014 साली ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने पियाऊईतल्या काजुइनाच्या परंपरेला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

त्याच पियाऊईची राजधानी तेरेसिना. तोर्क्वातो नेतो हा कवी इथला. 1967-68 मध्ये, लष्करी राजवटीच्या काळात, ब्राझीलच्या तरुण कलावंतांनी ‘त्रोपिकालिया’ नावाची चळवळ उभी केली. गावाकडची गाणी आणि इलेक्ट्रिक गिटार त्यांनी एकत्र आणली. तोर्क्वातो त्या चळवळीचा गीतकार. त्याचे मित्र काएतानो वेलोझो आणि जिल्बेर्तो जिल यांना सरकारने अटक केली आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. 1972 मध्ये, 28व्या वाढदिवसानंतरच्या पहाटे, तोर्क्वातोने आत्महत्या केली.

मित्र गेला तेव्हा काएतानोला रडू आलं नव्हतं. काही वर्षांनी कार्यक्रमासाठी तो तेरेसिनाला गेला, तेव्हा तोर्क्वातोचे वडील त्याला भेटले. त्यांना पाहून मात्र तो खूप रडला. वडिलांनी त्याला घरी नेलं. भिंतींवर मुलाचे फोटो होते. फारसं कुणी बोललं नाही. वडिलांनी काजुइना आणून दोघांसाठी ओतली, मग अंगणातलं एक छोटं गुलाबाचं फूल खुडून त्याच्या हातात दिलं. मुलगा गमावलेला बाप मुलाच्या मित्राचं सांत्वन करत होता. 1979 साली काएतानोचं ‘काजुइना’ हे गाणं आलं. माणूस जगतो कशासाठी, असं ते विचारतं. जेमतेम काही ओळींचं आहे. यूट्यूबवर सहज सापडेल, भाषा कळली नाही तरी ऐका.

आता आपल्याकडे या. गोव्याने बोंडूचं हुर्राक आणि फेणी केली, फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळवलं. रत्नागिरीत परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, त्यामुळे तो रस्ता सामान्य बागायतदाराला बंद. म्हणजे तेओफिलोची बिनदारूची वाट आपल्याला जास्त जवळची. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ अशा नामांकित जाती दिल्या, पण बाजार आजही बियांच्या वजनावरच चालतो. बोंडूचं वजन बीच्या कितीतरी पट असतं, हे विसरू नका.

अडचणी खऱ्या आहेत. बोंडू झाडावरून पडला की दिवसभरात बिघडायला लागतो, त्यामुळे दूरच्या कारखान्यात नेणं परवडत नाही. ब्राझीलमध्येही सगळे बोंडू वापरले जातात असं नाही, तिथेही पुष्कळ वाया जातात. दुसरी अडचण घसा धरण्याची. तो दोष रसातल्या टॅनिनचा. काजुइना करताना रसात जिलेटिन घालतात, टॅनिन त्याला चिकटून तळाशी बसतं. वरचा निवळ रस गाळून बाटलीत भरतात, झाकण लावतात आणि बाटल्या गरम पाण्यात बराच वेळ ठेवतात. रसातली साखर तापून तो मधाचा रंग येतो. वरून साखर लागत नाही.

जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, म्हणून आपल्याकडे अनेकांना चालणार नाही. त्यावर केरळ कृषी विद्यापीठाने सोपा उपाय दिलाय: साबुदाणा. त्याची पूड शिजवून थंड केलेली खळ रसात ढवळायची आणि रस निवळू द्यायचा. टॅनिन खाली बसतं.