पार्सल देताना 'आत काय आहे?' असं का विचारतात?

जुना फोन भावाला पाठवायचाय, किंवा मैत्रिणीला वाढदिवसाला पॉवर बँक द्यायचीय. पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "आत काय आहे?" आपण पटकन "कपडे" किंवा "गिफ्ट" म्हणून मोकळे होतो. हा प्रश्न चौकशीसाठी नसतो. त्यामागचं मोठं कारण तुमच्या खिशातच आहे, ते म्हणजे लिथियम-आयन बॅटरी.

बॅटरीचा एवढा बाऊ कशाला?

या बॅटरीत थोड्या जागेत भरपूर ऊर्जा साठवलेली असते आणि आतलं द्रव (इलेक्ट्रोलाइट) ज्वलनशील असतं. बॅटरी दबली, पडली किंवा आत शॉर्ट सर्किट झालं की ती तापते. ठराविक तापमानानंतर आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता वाढवत जाते आणि शेजारचे सेलही पेट घेतात. याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. ज्वाळा विझल्या तरी सेल गरम असतील तर आग पुन्हा भडकू शकते.

जमिनीवर निदान बाहेर पळता येतं. विमानात ती सोय नाही, आणि आपलं पार्सल बऱ्याचदा प्रवासी विमानाच्याच पोटातून जातं.

2010 साली काय झालं?

3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या बोईंग 747 मालवाहू विमानात आग लागली. कॉकपिट धुरानं भरलं, विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. मालात मोठ्या प्रमाणावर लिथियम बॅटऱ्या होत्या. तपासात असंही दिसलं की त्यातला काही माल नियमानुसार 'धोकादायक' म्हणून नोंदवायला हवा होता, पण तसा नोंदवलेलाच नव्हता. म्हणजे विमानात नेमकं काय आहे, हे वैमानिकांना पूर्ण माहीत नव्हतं. काउंटरवरचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

नियम काय आहे?

1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला आंतरराष्ट्रीय बंदी आहे. मालवाहू विमानातून न्यायच्या तर चार्ज 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. फोन किंवा लॅपटॉपमध्ये बसवलेल्या बॅटरीचे नियम वेगळे आणि थोडे सैल आहेत. पॉवर बँक मात्र 'उपकरण' नाही, ती सुटी बॅटरीच धरली जाते. फुगलेली किंवा खराब बॅटरी विमानानं पाठवताच येत नाही.

क्षमता वॉट-अवरमध्ये मोजतात. हिशोब सोपा आहे: एमएएच ÷ 1000 × व्होल्ट. 20,000 एमएएचची 3.7 व्होल्टची पॉवर बँक म्हणजे 74 वॉट-अवर.

मग पार्सल देताना काय करायचं?

- "गिफ्ट" किंवा "इलेक्ट्रॉनिक्स" एवढंच सांगू नका. "वापरलेला मोबाईल, बॅटरी आतच आहे" असं नेमकं सांगा.
- पॉवर बँक असेल तर रस्त्याने किंवा रेल्वेने जाणारी 'सरफेस' सेवा आहे का, ते विचारा. दोन-तीन दिवस जास्त लागतील, पण पार्सल अडकणार नाही.
- फोन पूर्ण बंद करा, चार्ज कमी ठेवा, बटण दबणार नाही असं पॅक करा.
- परफ्यूम, डिओचा स्प्रे, नेलपॉलिश हेही सांगा. तेही ज्वलनशील आहेत.
- परदेशी पार्सलला कस्टम्सच्या फॉर्मवर वस्तू, संख्या आणि किंमत लिहावीच लागते. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक आंतरराष्ट्रीय टपालानं जात नाही.

खोटं सांगितलं तर?

विमानतळावर पार्सल एक्स-रेखाली जातं. "कपडे" लिहिलेल्या डब्यात बॅटरी दिसली की ते अडवलं जातं. वस्तू हरवली किंवा फुटली, तर भरपाई मागताना तुमची चुकीची नोंदच आड येते.

आणि प्रायव्हसीचं काय? प्रश्न वस्तूच्या प्रकाराचा असतो. गिफ्ट कुणासाठी, का घेतलं, हे सांगायची गरज नाही.

हाच प्रश्न फोनवर आला तर?

"तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या, पैसे भरा" असा फोन आला तर तो सरळ फ्रॉड समजा. भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असं काही नाही. फोन कट करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर कॉल करा.

काउंटरवर विचारलं तर मात्र खरं सांगा. तुमच्या एका वाक्यावरून ते पार्सल विमानात चढवायचं की ट्रकमध्ये, हे ठरतं.