शिळाप्रेस, खिळे आणि फॉण्ट

मराठी मुद्रणाचा इतिहास बहुतांशी देवनागरीच्या अक्षरसंख्येशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे. यंत्रे बाहेरून तयार होऊन आली, पण ती रोमन लिपीच्या मापाने घडलेली होती. येथे ती चालती करायची तर काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांचे तुकडे कसे पाडायचे हे आधी ठरवावे लागे. ते ज्यांना साधले त्यांच्या हाती छपाईचा धंदा गेला. दर वेळी तंत्र बदलले की ही वाटणी नव्याने झाली.

भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात, जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला छापले गेले. भाषा मराठी, ओव्याही मराठी वळणाच्या. अक्षरे मात्र रोमन. देशी लिपीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, पाडण्याचा खर्च आणि खटाटोप मिशनला पेलणारा नव्हता. त्यानंतरही जवळजवळ दोनशे वर्षे मराठीच्या वाट्याला तिच्या स्वतःच्या लिपीतले मुद्रण आलेच नाही. 1805 मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. तो कौशल्याचा नमुना होता. पण पानापानाला नवा पत्रा कोरावा लागत असल्याने त्यातून व्यवसाय उभा राहणे शक्य नव्हते. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले आणि 1810 मध्ये त्याचा मराठी कोश मोडी टाइपात आला. मराठीची सुरुवातीची पुस्तके मराठी मुलखाबाहेर छापली गेली, कारण खिळे पाडणारे कारागीर तेथे होते.

मुंबईत अमेरिकन मिशनने 1816-17 च्या सुमारास छापखाना घातला. खऱ्या अर्थाने बदल घडवला तो मात्र शिळाप्रेसने. बव्हेरियातल्या आलोईस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेले हे तंत्र साधे आहे. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा, वर छपाईची शाई फिरवायची. ओल्या भागाला शाई धरत नाही, लिहिलेल्या भागाला धरते. खिळ्यांची गरजच नाही. त्यामुळे लिपी कितीही गुंतागुंतीची असो, हाताला लिहिता येते ते दगडावरून छापता येते. देवनागरीची अडचण तंत्राने सोडवली नाही, तिला वळसा घातला. याचा एक परिणाम सहसा नोंदला जात नाही: पोथ्या नकलून पोट भरणाऱ्या लेखनिकांचा धंदा छपाई आल्याबरोबर बुडाला नाही. वळणदार हस्ताक्षर असलेल्या माणसाला शिळाछापखान्यात काम मिळे. फरक इतकाच, की एकदा लिहिलेल्या पानाच्या आता शेकडो प्रती निघत.

या तंत्रावर देशी धंदा उभा केला तो गणपत कृष्णाजी पाटील यांनी. ते भंडारी समाजातले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता त्यांनी कसब उचलले, पुढे स्वतःचे यंत्र घडवले, शाईही स्वतः केली आणि 1831 मध्ये शिळेवर मराठी पंचांग छापले. निवड हिशेबी होती. पंचांग दर वर्षी नवे लागते आणि घरोघरी लागते. एवढी हमखास गिऱ्हाइकी दुसऱ्या कोणत्याच पुस्तकाला नव्हती. अडचण सोवळ्याची होती. छापाच्या शाईत चरबी असते, म्हणून धार्मिक ग्रंथ छापलेले चालत नाहीत, असा आक्षेप होता. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरून तो निकालात काढला. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (1863) या पुस्तकात त्यांच्या छापखान्याची हकीकत आली आहे. छापील पोथीही बराच काळ लांबट, सुट्या पानांचीच राहिली. नवी वस्तू जुन्या वस्तूच्या रूपात विकावी, हे त्या काळच्या छापखानदारांना चांगले कळले होते.

शिळाप्रेसची मर्यादा दगडाच्या झिजेत आणि लिहिण्याच्या वेगात होती. मोठ्या प्रमाणावर, स्वस्तात आणि सुवाच्य छापायचे तर सुटे खिळेच हवे होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहमने देवनागरीचे सुबक खिळे पाडले. त्याच्या हाताखाली, वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास, जावजी दादाजी चौधरी हा मुलगा कामाला लागला. जन्म 1839 चा, घरची गरिबी, शिक्षण जवळजवळ नाहीच. मिशननंतर इतर छापखान्यांत अनुभव घेऊन 1864 मध्ये जावजींनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. ‘निर्णयसागर’ हा छापखाना त्यानंतर, 1869 मध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. राणोजी रावजी आरू हे अक्षरे कोरणारे कसबी सहकारी जावजींना लाभले आणि ‘निर्णयसागर’चे खिळे मुंबईबाहेरचे छापखानेही विकत घेऊ लागले. पुस्तके छापणाऱ्यांपेक्षा पुस्तके छापण्याचे साधन विकणारा व्यवसाय अधिक भक्कम ठरला. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली 1886 पासून ‘काव्यमाला’ निघू लागली आणि निर्णयसागरची संस्कृत पुस्तके शुद्धतेसाठी नावाजली. अल्पशिक्षित माणसाच्या छापखान्यातून संस्कृत काव्याच्या प्रमाण आवृत्त्या निघाव्यात, हे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतच घडू शकत होते. जावजी 1892 मध्ये वारले.

खिळ्यांचे गणित असे होते. इंग्रजी जुळणीला मोठी-छोटी अक्षरे, अंक आणि चिन्हे धरून दीडशेच्या आसपास खिळे पुरत. देवनागरीला कित्येकशे लागत. ‘डिग्री’ पद्धतीत मूळ अक्षर मध्ये, मात्रा-अनुस्वार वरच्या थरात आणि उकार खालच्या थरात बसत. खिळे कमी लागत, पण एका ओळीसाठी तीन थर जुळवावे लागत आणि मात्रा सरकत किंवा मोडत. ‘अखंड’ पद्धतीत अक्षर आपल्या चिन्हासह एकाच खिळ्यावर ओतलेले असे; जुळणी भक्कम, पण खिळ्यांच्या केसी, म्हणजे कप्प्यांच्या पेट्या, वाढत. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला या सगळ्या कप्प्यांची जागा हाताला पाठ करावी लागे. तो उभ्याने काम करी, उलटी अक्षरे वाचत स्टिकमध्ये ओळ भरी, आणि छपाई झाल्यावर तेच खिळे पुन्हा जागच्या जागी सोडी. खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. शिशाशी रोजचा संबंध आरोग्याला घातक होता.

मोडीचे काय झाले, हेही याच गणितात दडलेले आहे. दप्तराची, हुंडीची, पत्राची लिपी मोडी होती. हात न उचलता भराभर लिहिण्यात तिचे बळ होते. तेच बळ छापखान्यात अडचण ठरले, कारण एकमेकांत गुंतलेली अक्षरे सुट्या खिळ्यांत नीट बसत नाहीत. पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे, सरकारी छपाई सगळी बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, होऊ लागली. मोडी हस्तलेखनापुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनही गेली. शासनाने तिला बंद केले असे म्हटले जाते. खरे तर छापखान्याने तिला शंभर वर्षे आधीच बाजूला सारले होते. संगणकावरच्या अक्षरांच्या युनिकोड या सामाईक मानकात मोडीला जागा मिळाली ती 2014 मध्ये.

स्वस्त छपाईचा समाजावरचा परिणाम पंचांगापुरता राहिला नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी मराठी आणि इंग्रजीत निघाले. 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. 1878 च्या, व्हाइसरॉय लिटनच्या देशी वृत्तपत्र कायद्याने मुद्रकाला जामीन भरायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला. म्हणजे लिहिणाऱ्याइतकाच छापणाराही सरकारच्या नजरेत जबाबदार ठरला. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये सुरू केलेला ‘दीनबंधु’, 1881 चा ‘केसरी’, 1920 चा डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ही परस्परांना छेद देणाऱ्या विचारांची पत्रे एकाच तंत्रावर उभी होती. ज्यांना पोथी वाचण्याचा अधिकार नाकारला गेला होता त्यांना पत्र काढता येऊ लागले, एवढा बदल त्या तंत्राने केला. ते पत्र टिकवण्याचा पैसा काही तंत्राने दिला नाही.

चित्रांच्या बाबतीत शिळेनेच बाजी मारली. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत रंगीत शिळाछपाईचा कारखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर याने विकत घेतला. लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आली. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम करत होते.

विसाव्या शतकात जुळणीची यंत्रे आली आणि अक्षरसंख्येचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कळफलकावर मावतील एवढ्याच कळा असतात. टिळकांनी देवनागरीचे खिळे कमी करून ती यांत्रिक जुळणीला योग्य करण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली, ‘इ’, ‘उ’ यांऐवजी ‘अि’, ‘अु’ लिहिल्याने स्वरांचे वेगळे खिळे वाचतात. काही नियतकालिकांनी ती काही काळ वापरलीही. वाचकांच्या डोळ्यांनी ती स्वीकारली नाही. टंकलेखन यंत्रांनी मात्र आपली सोय करून घेतली: अर्धी अक्षरे आणि काना वेगळे ठेवून अक्षर जोडायचे. त्या यंत्रांभोवती गावोगाव टायपिंगचे वर्ग उभे राहिले आणि सरकारी नोकरीची वाट त्यांच्यातून जाऊ लागली. पुढे यांतल्याच अनेक वर्गांवर संगणक प्रशिक्षणाची पाटी लागली.

ऑफसेट आणि त्यापाठोपाठ 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेले डीटीपी (संगणकावरची जुळणी आणि पानमांडणी) यांनी शिशाचा खिळाच संपवला. ऑफसेट ही तत्त्वतः शिळाछपाईचीच पुढची पिढी. तेल आणि पाणी यांचे वैर तिथेही तेच काम करते. 1973 मध्ये जयंत साळगांवकरांनी काढलेली ‘कालनिर्णय’ ही दिनदर्शिका या काळातले मराठी छपाईचे सर्वांत यशस्वी उत्पादन म्हणावे लागेल. डीटीपीने फाउंड्री, जुळणी आणि पानमांडणी हे तीन वेगवेगळे उद्योग एका टेबलावर आणले. तरुण जुळारी संगणक शिकले. वयस्करांपैकी बऱ्याच जणांना ते जमले नाही आणि हाताला पाठ झालेल्या कप्प्यांचे ज्ञान निरुपयोगी ठरले. ट्रेडल यंत्रे लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापत काही काळ तग धरून राहिली.

संगणकावरच्या मराठीचे बरेचसे काम पुण्या-मुंबईत झाले. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी जिस्ट कार्ड विकसित केले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’ हे सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या कचेऱ्यांत रुजले. पण प्रत्येक कंपनीने अक्षरांना दिलेले क्रमांक वेगळे होते. एका फॉण्टमध्ये केलेले पुस्तक दुसऱ्यात उघडले की नुसती खिचडी दिसे. जावजींचा खिळा कोणत्याही छापखान्यात चालत होता. हे फॉण्ट तसे नव्हते, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा फायदा कंपन्यांना होता.

युनिकोडने 1991 च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान दिले होते, परंतु सामान्य संगणकावर ती नीट उमटू लागली ती विंडोज 2000 पासून. त्यातला ‘मंगल’ हा फॉण्ट अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला होता. तरीही मराठीची काही वळणे सुटली. ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या धाटणीने उमटत. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र लिहिण्यासाठी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरावे लागते, हे कित्येकांना ठाऊकच नव्हते. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरवळणे निश्चित केली. पुढे मुंबईच्या एक टाइपसारख्या संस्थांनी ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे फॉण्ट विनामूल्य खुले केले आणि फॉण्ट विकत घेण्याचा भार छोट्या प्रकाशकांवरून बराच उतरला.

उरलेले काम जुन्या फायलींचे आहे. युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये जुळवलेली पुस्तके आणि नियतकालिके शोधता येत नाहीत, आणि मूळ सॉफ्टवेअर नसेल तर उघडताही येत नाहीत. रूपांतराची साधने आज उपलब्ध आहेत. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, त्यामुळे मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. प्रकाशकांनी हे काम ती सॉफ्टवेअर चालवणारे संगणक आणि माणसे आहेत तोवरच उरकायला हवे.